मदत हवी आहे: एर्ग चेच ००२ उल्कापाषाणाचा काप खरा कसा ओळखायचा? आणि हा दगड इतका फिका कसा?

बोअरवाला_सिन्नर

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

बोअरवेलच्या धंद्यात सव्वीस वर्षं गेली. गाडी लागली की भोकातून वर येणारी भुकटी चिमटीत धरून बघायची. काळी आली तर कठीण खडक, लाल आली तर दोन थरांमधला गेरू, पांढरं काही चमकलं तर गारा. माझं भूगर्भशास्त्र एवढंच. पण नातेवाइकांत "मामाला दगडातलं कळतं" असं पसरलंय आणि त्यातूनच ही भानगड उभी राहिली.

भाच्याने परदेशातल्या एका विक्रेत्याकडून ऑनलाइन उल्कापाषाणाचा काप मागवला. वजन २.३६ ग्रॅम. किंमत लिहीत नाही, ताईच्या वाचनात आलं तर घरात महाभारत होईल. काप अंगठ्याच्या नखाएवढा, दोन नाणी एकावर एक ठेवली तर होईल तेवढा जाड, एक बाजू घासून चकचकीत केलेली. मला वाटायचं उल्का म्हणजे काळीकुट्ट, जळकी. हा चक्क ज्वारीच्या भाकरीच्या रंगाचा, मध्ये मध्ये करडे-तपकिरी दाणे आणि एका कोपऱ्यात सालीच्या मूगडाळीएवढा हिरवा स्फटिक. माझ्या मनात पहिलं आलं ते "ही फरशी आहे", पण भाच्याचं तोंड बघून गप्प बसलो.

मग दोन रात्री जागून वाचलं. हे दगड २०२० च्या मे महिन्यात अल्जीरियाच्या नैर्ऋत्येला, एर्ग चेच नावाच्या वाळूच्या समुद्रात सापडले. सगळे तुकडे मिळून जेमतेम ३२ किलो. दगड ज्वालामुखीजन्य, जात अँडेसाइट, वय ४५६.५ कोटी वर्षं, म्हणजे पृथ्वीपेक्षा जुना.

इथे माझी गाडी अडली. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात सिलिका (वाळू-गारेतलं मुख्य द्रव्य) पन्नास टक्क्यांच्या आसपास, यात म्हणे ५८. आणि अँडेसाइट व्हायला समुद्राचा तळ खाली दबावा लागतो, त्याच्याबरोबर पाणी आत जावं लागतं, म्हणून तो अँडीजसारख्या डोंगरांत सापडतो. मग आकाशातल्या त्या कोरड्या गोळ्यावर पाणी आलं कुठून?

शिवाय काप न फोडता खरा-खोटा कसा ओळखायचा? दोऱ्याला टांगलेला लोहचुंबक जवळ नेला तर दोऱ्याला जरासा हिसका बसतो, बाकी काही नाही. आणि पावसाळ्यापासून कडेला दोन तपकिरी ठिपके दिसायला लागलेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पुणेरी_चष्मा

फरशी असेल तर बाथरूमला लावा. फोटो टाका हो आधी!

अभ्रक

पुणेरी, फोटो धाग्यातच आहे, चष्मा पुसा.

बोअरवाले काका, प्रश्न नेमका विचारलात. उत्तर असं की पाणी लागलंच नाही. थिजलेलं रवाळ तूप हलक्या उन्हात ठेवलं तर आधी काय होतं? पातळ तूप सुटतं, कणी तशीच राहते. सगळं तूप एकदम वितळलं असतं तर डब्यातलं तूप जसं होतं तसंच पातळ झालं असतं. खडकाचंही तसंच. सुरुवातीचे ग्रह ज्या मालाचे झाले त्याला कोंड्राइट म्हणतात. २०२१ साली फ्रान्समधल्या ब्रेस्टच्या जाँ-अलिक्स बारा आणि सहकाऱ्यांनी या दगडावर निबंध लिहिला. त्यांच्या हिशोबाने तो कोंड्राइट गोळा साधारण १,२२० अंशांना फक्त पाव भाग वितळला. त्या गोळ्यातलं सोडियम, पोटॅशियम उडून गेलेलं नव्हतं. हे दोघं सिलिकाला घेऊन आधी पातळ होणाऱ्या भागात येतात, म्हणून तो रस अँडेसाइटी झाला. व्हेस्टा या लघुग्रहाकडचे मानले जाणारे युक्राइट दगड बघा. त्यांच्यात सोडियम फार कमी, म्हणून ते बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या जातीचे.

तुमचा भाकरीचा रंग म्हणजे सोडियमवाला प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार हे फिकं खनिज. करडे-तपकिरी दाणे पायरॉक्सीन या लोह-मॅग्नेशियमवाल्या खनिजाचे. त्याशिवाय थोडी सिलिका, तीही साध्या गारेची नाही, क्रिस्टोबलाइट आणि ट्रिडिमाइट या रूपांत. मग क्रोमाइट, इल्मेनाइट, फॉस्फेट, ट्रॉयलाइट म्हणजे लोखंडाचं सल्फाइड, आणि चिमूटभर धातुरूप लोखंड. हिसका त्या लोखंडाचा आणि तपकिरी ठिपके बहुतेक त्याच्याच गंजाचे. सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, पाण्याने धुऊ नका.

त्या हिरव्या मूगडाळीवर माझा जीव जडलाय. तसले मोठे स्फटिक त्या रसातून घडलेले नाहीत. ते बहुतेक मॅग्नेशियमने भरलेल्या पायरॉक्सीनचे, क्वचित ऑलिव्हिनचे. रस वर येताना आयते उचलले गेलेले पाहुणे. मोठ्या तुकड्यांत काही काही स्फटिक ९ सेंटिमीटरचे आहेत. पुढे १,२०० ते १,००० अंशांच्या टप्प्यात हा रस वर्षाला पाचेक अंश इतक्या सावकाश निवला, म्हणजे चाळीसेक वर्षं, आणि ९०० च्या सुमारास एकदम भरभर गार झाला. वरचं पांघरूण कशाने तरी उडालं असावं.

चुंबकावर भरवसा ठेवू नका. तुमच्या बोअरच्या काळ्या भुकटीलाही लावून बघा, चिकटेल, तिच्यात मॅग्नेटाइट असतं. पक्की परीक्षा प्रयोगशाळेतच होते: पायरॉक्सीनमधलं लोह-मँगेनीज प्रमाण आणि ऑक्सिजनचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू). घरच्या घरी भिंगाखाली बुडबुडे शोधा. भट्टीच्या मळीत ते सापडतात, यात सापडू नयेत. आणि विक्रेत्याला विचारा, काप कुठल्या तुकड्याचा, तो त्याने कोणाकडून घेतला, कापण्याआधीचा फोटो आहे का. जो टाळाटाळ करेल त्याचा माल परत करायचा.

साबरमतीकर_मराठी

अभ्रक यांना +१. उष्णता आली कुठून ते राहिलं. अॅल्युमिनियम-२६! हा किरणोत्सारी भाऊ दर सात लाख वर्षांनी निम्मा होतो आणि त्यातून मॅग्नेशियम-२६ होतो. सूर्यमाला नवी होती तेव्हा तो भरपूर होता, त्यानेच छोटे गोळे आतून शिजवले. तेव्हाचा एक कणही आज उरलेला नाही, पण फेल्डस्पारमध्ये जास्तीचा मॅग्नेशियम-२६ मागे राहिलाय, त्यावरून वय काढतात.

याला आपल्याकडचा धागा आहे म्हणून लिहितोय. २० जून १९९६ ला राजस्थानात पाली जिल्ह्यात पिपलिया कलां इथे युक्राइट जातीचा उल्कापाषाण पडला. त्यात नेमकी हीच खूण इथल्या, म्हणजे अहमदाबादच्या, भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांना सापडली, निबंध १९९९ चा.

एर्ग चेचचं वय पुढे २०२३ साली शिशाच्या समस्थानिकांवरूनही काढलं: ४५६.५६ कोटी वर्षं. तेव्हा असं निघालं की याच्या मूळ मालात अॅल्युमिनियम-२६ हे अँग्राइट नावाच्या दुसऱ्या ज्वालामुखी उल्कांच्या मालापेक्षा तीन-चार पट होतं. म्हणजे अॅल्युमिनियमचं घड्याळ सगळीकडे सारख्याच वेळेला लावलेलं नव्हतं. नुसतं त्यावरून वय सांगणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली.

बोअरवाला_सिन्नर

सगळ्यांचे आभार. तुपाचं उदाहरण सौ.ना सांगितलं, त्या म्हणाल्या एवढं तर कोणीही सांगेल.

भुकटीला चुंबक लावला, चिकटली. अर्थात तिच्यात आमच्या बिटची झीजही असणार, त्यामुळे तो पुरावा कच्चाच. भिंगातून काप तासभर बघितला, बुडबुडा एकही नाही. फेल्डस्पारच्या पांढुरक्या काड्या पायरॉक्सीनच्या दाण्यांत घुसलेल्या स्पष्ट दिसतात, फरशीत असं नसतं.

विक्रेत्याने तिसऱ्या दिवशी फोटो पाठवला, कापायच्या आधीचा. भाच्याने छापून आणला. डावीकडच्या कडेला हिरवा स्फटिक आहे, तिरका, एका टोकाला निमुळता. आमचा काप त्यावर ठेवला तर आमची मूगडाळ त्याच्या बरोब्बर मधोमध येते. उरलेला अर्धा स्फटिक शेजारच्या कापात गेला असणार, म्हणजे आता जगात कोणाच्या तरी टेबलावर आमच्या डाळीची दुसरी फाक आहे.

डबी सध्या माझ्याकडेच आहे, बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी घालून. ताईला अजून सांगितलेलं नाही.