मदत हवी आहे: कॅन्सरसाठी दौड काढतोय, पण 'संशोधनाला' दिलेला पैसा जातो कुठे?

वखारगल्ली (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. निपाणीत आमच्या मंडळानं यंदा डॉल्बीला फाटा देऊन दौड काढायची ठरवलीय. 5 आणि 10 किलोमीटर, जमेल ती रक्कम कॅन्सर संशोधनाला. परवानग्यांचं बघितलंय. बॅनरवर कन्नड वर, मराठी खाली, तेही मिटलंय. त्यावरून इथं कुणी सुरू होऊ नका.

अडलंय भलतीकडंच. बैठकीत एका काकांनी विचारलं, "संशोधनाला म्हणजे कुणाच्या हातात? पेशंटला दिलं तर निदान औषधाची बाटली तरी दिसते." सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. फी 500 ठेवलीय. टी-शर्ट, पदक, चिप, नाश्ता, अँब्युलन्स धरून त्यातले 380 तिथंच उडतात. मग '500 रुपये कॅन्सरला' असं छापायचं कसं?

आणि दुसरं. टी-शर्टचा सगळा खर्च उचलायला एक तंबाखूचे व्यापारी तयार आहेत. माणूस भला, अडीनडीला धावणारा. फक्त पाठीवर विडीचा छाप पाहिजे म्हणतात. मंडळात दोन तट पडलेत. आमच्या गल्लीत विड्या वळून पोरं शिकवलेल्या बायका आहेत, त्यांनाही उगाच दुखवायचं नाही. काय करावं?

खानापूरचा_पाऊस:

काका बरोबर बोलले की. परळला टाटाच्या दारात फुटपाथवर झोपलेले पेशंट बघितलेत काय? त्यांच्या गाडीभाड्याला द्या. रिसर्चला सरकार आहे, औषध कंपन्या आहेत.

मिरजेची_पाहुणी:

मी एका रुग्णालयात क्लिनिकल ट्रायलच्या, म्हणजे पेशंटांवर उपचार पारखून बघणाऱ्या चाचण्यांच्या, नोंदी ठेवते, म्हणून थोडं लांबण लावते.

कंपनी पैसा घालते तिथं, जिथं शेवटी विकायला काहीतरी असतं. आपल्याकडच्या तोंडाच्या कॅन्सरचंच घ्या. गाठ लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही, अशा पेशंटच्या मानेतल्या लसिकाग्रंथी (कॅन्सर आधी पसरतो त्या बारीक गाठी) पहिल्याच ऑपरेशनला काढायच्या, की वाट बघून पुढं लागल्या तर काढायच्या? यावर सर्जन लोकांत वर्षानुवर्षं दुमत होतं. टाटा मेमोरियलनं स्वतःच्या पैशातून ट्रायल केली. 2015 साली 500 पेशंटांचे निष्कर्ष आले. आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के जिवंत, थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के. यात नवं औषध नाही की नवं मशीन नाही. सांगा, कुठली कंपनी हा खर्च करणार होती?

दुसरं उदाहरण निवोलुमॅबचं. ही इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारा उपचार, किमतीनं आपल्या लोकांच्या आवाक्याबाहेरची. टाटाच्याच डॉक्टरांनी डोके-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये नेहमीच्या डोसच्या दहा टक्क्यांहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांना 20 मिलिग्रॅम, तोंडी गोळ्यांच्या उपचाराला जोडून दिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण 16 वरून 43 टक्क्यांवर गेलं. आमचं औषध कमी वापरून बघा, असं कंपनी आपणहून कशाला म्हणेल?

आता पैसा जातो कुठे. बहुतेक माणसांत आणि वर्षांत. नोंदी ठेवणारे, नमुने गोठवून ठेवणारे फ्रीज, तपासण्या, आकडेवारी करणारे, नैतिकता समितीचं काम. माझा निम्मा दिवस फोनवर जातो. ऑपरेशनला तीन वर्षं झालेल्या आजोबांचा नंबर बंद. मग मुलाचा, मग शेजारच्या किराणा दुकानाचा. दुकानदार म्हणतो, "थांबा, ऊसतोडीला गेलेत, सांगतो." आजोबा बरे आहेत एवढं एक वाक्य फॉर्मवर चढवायला चार फोन लागतात. ते वाक्य मिळालं नाही तर वर लिहिलेले टक्के निघतच नाहीत. तुमचे 120 रुपये असल्या फोनांत जातात. दिसायला काहीच नाही, हे मान्य.

पाऊससाहेब, गाडीभाड्याचा मुद्दा खोटा नाही. पण उपचाराला निदान आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकसारखी योजना आहे. पेशंटला मदत करायची तर तोही वेगळा डबा ठेवा, फक्त दोन्हीचे पैसे एकात मिसळू नका.

टिळकवाडी_सीए:

फी ही देणगी नव्हे. तिच्या बदल्यात टी-शर्ट, पदक, नाश्ता मिळतो, त्यामुळे तिच्यावर 80जीची, म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात मिळणारी, सवलत धरू नका. पोस्टरवर दोन ओळी वेगळ्या छापा: 'सहभाग शुल्क' आणि 'ऐच्छिक देणगी'. देणगी मंडळाच्या गूगल पेवर घेऊच नका. संस्थेच्या खात्यावर ज्यानं त्यानं थेट भरावी, पावती त्याच्या नावानं आणि पॅननं येते. रोख 2000 च्या वर असेल तर सवलत नाही, नव्या कररचनेत असाल तर मुळातच नाही. आणि पैसे 'संशोधनासाठी' हवेत तर तसं पत्रात लिहून द्या, नाहीतर ते सर्वसाधारण निधीत पडतात. मोठ्या दौडींतही हाच मार्ग. मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारा आपल्या पसंतीच्या संस्थेसाठी ओळखीपाळखीच्यांकडून देणग्या गोळा करतो, धावायची फी निराळी.

विडीच्या छापाचं उत्तर सोपं आहे. 2003 च्या कोटपा कायद्यात तंबाखूच्या जाहिरातीला आणि प्रायोजकत्वाच्या आडून होणाऱ्या प्रचाराला बंदी आहे. छाप नको म्हणजे नको.

वखारगल्ली:

पाहुणीताई, तुमचा फोनांचा परिच्छेद बैठकीत जसाच्या तसा वाचून दाखवला. काका म्हणाले, "मग माझे हजार त्या फोनांना." सीएसाहेबांचं ऐकून पोस्टर परत छापायला दिलंय. प्रिंटरवाला वैतागलाय, चालायचंच.

व्यापाऱ्यांकडं दोघं जाऊन आले. छापाशिवाय पैसे घ्या म्हणाले, मग कुणाच्या तरी वडिलांची आठवण निघाली आणि तो विषय राहिला. घ्यायचे का नाही ते अजून ठरलं नाही. माझं मत, घेऊ नयेत. पण मतदान झालं तर मी हरणार. विड्या वळणाऱ्या बायकांना मात्र फी माफ केलीय. त्यातल्या काहीजणी 5 किलोमीटर चालणार आहेत, त्यांच्यासाठी त्याच दिवशी तोंडाची तपासणी ठेवता येईल का, हे डेंटल कॉलेजला विचारायचंय.

देणगीचा उद्देश लिहायच्या पत्राचा नमुना कुणाकडं असला तर टाका. इंग्रजीत असला तरी चालेल.