मदत हवी आहे: २८ मिमीचं सोड्याचं झाकण पहिल्यांदा घट्ट बसतं, उघडून पुन्हा लावलं की गॅस सोडतं

साचेघर

नमस्कार मंडळी. सोड्याच्या बाटलीसाठी लायनर (आतली वेगळी चकती) नसलेलं, एकसंध झाकण काढतोय. रचनेत कुठे चुकतंय ते सापडत नाहीये. मापं देतो, म्हणजे अंदाजाने बोलायला नको.

बाटली ६०० मिली, पेट प्लास्टिकची, नेक (बाटलीचा गळा) पीसीओ १८८१ या ठरावीक मापाचा. झाकण एचडीपीई प्लास्टिकचं, २.४ ग्रॅम, आठ कॅव्हिटींचा (झाकण घडवणाऱ्या पोकळ्यांचा) इंजेक्शन साचा. टॅम्पर बँड (पहिल्यांदा उघडताना सुटणारी खालची कडी) ब्रिजांसकट, म्हणजे तिला झाकणाशी जोडणाऱ्या बारीक काड्यांसकट, साच्यातूनच येतो. सील दोन ठिकाणी आहे: आतला प्लग नेकच्या भोकात बसतो, आणि वर एक बारीक कड नेकच्या तोंडावर दाबली जाते. पेय जिरा-लिंबू सोडा, गॅस ३.६ व्हॉल्यूम (पेयाच्या ३.६ पट). झाकण पिळणारं कॅपिंग हेड १.९ न्यूटन-मीटर टॉर्कवर.

मशीनने लावलेल्या झाकणाबद्दल तक्रार नाही. पाण्याखाली ७ बार, एक मिनिट, एकही बुडबुडा नाही. पण भरल्यावर दहा दिवसांनी बाटली उघडली, अर्धी ओतली, हाताने झाकण पिळून फ्रिजमध्ये ठेवली की सकाळी अंगठा आत जातो. ४८ बाटल्या तपासल्या, प्रत्येक कॅव्हिटीच्या सहा. ११ मऊ पडल्या. त्यात कॅव्हिटी ३ च्या पाच, ६ च्या चार, बाकी दोन इकडच्या तिकडच्या.

प्लगचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने सरासरी २१.९५ मिमी येतो, ३ आणि ६ मध्ये २१.८८. नेकचं भोक २१.७४. टॉर्क वाढवू, प्लग जाड करू, की वरची कड उंच करू? साच्याला हात लावायच्या आधी विचारतोय, कारण पोलादावर एकदा चुकीचा कट बसला की परत फिरणं नाही.

आटेदार

आधी एक गाळणी लावून घ्या. ग्राहकाची ‘सोडा उतरला’ ही तक्रार आणि झाकणाची गळती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अर्धी बाटली ओतली की ३०० मिली पेयावर ३०० मिली रिकामी जागा राहते. पेयात त्या वेळी ३ व्हॉल्यूम गॅस उरलाय असं धरा. झाकण कितीही घट्ट असलं तरी गॅस त्या रिकाम्या जागेत येणारच. २५ अंशांवर हिशेब केला तर पेयात जेमतेम १.४ व्हॉल्यूम उरतो आणि आतला दाब १.८ बारच्या आसपास स्थिरावतो. फ्रिजमध्ये ५ अंशांवर पेय जास्त गॅस धरतं, तिथे १.८ व्हॉल्यूमपर्यंत राहतो आणि दाब सव्वा बार. म्हणजे पेय मवाळ लागणं हा झाकणाचा दोष नव्हे. मात्र सव्वा बारलासुद्धा बाटली अंगठ्याला कडक लागायला हवी. तुमची मऊ पडतेय, त्यामुळे गळती खरी आहे.

पुढच्या चाचणीत फक्त ५० मिली ओता. दाब जास्त राहील, गळती लवकर दिसेल आणि दोन बाटल्यांची तुलना करता येईल.

(बाटली दाबून हवा काढायची आणि मग झाकण लावायचं, हा घरोघरीचा उपाय सोड्याला लागू पडत नाही. गॅस सुटतो, भिंती परत बाहेर येतात आणि तेवढीच जागा गॅसने भरते.)

फुगवटा

@साचेघर, तुमच्या मापांतच उत्तर आहे. ही सील मुळात वरच्या कडेवर चाललीय, प्लगवर नाही.

२१.९५ वजा २१.७४ म्हणजे व्यासावर ०.२१ मिमी ओढ, प्लग भोकापेक्षा तेवढाच मोठा. ३ आणि ६ मध्ये ०.१४. एचडीपीईच्या प्लगला एवढी ओढ पुरत नाही. १.९ न्यूटन-मीटरला वरची कड चिरडून बसते आणि सगळा भार उचलते, म्हणून पहिली चाचणी पास. पण एचडीपीई दाबाखाली हळूहळू बसत जातं. दहा दिवसांत त्या कडेचा माथा सपाट होतो आणि नेकच्या तोंडाचा ठसा कायम उमटतो. उघडल्यावर ती परत उभी राहत नाही. घरातला माणूस हाताने साधारण एक न्यूटन-मीटर लावतो, मुलं आणि वयस्कर त्याहून कमी. सपाट झालेली कड त्या जोराने पुन्हा दाबली जात नाही.

पुन्हा लावायचं झाकण आडव्या ओढीवर टिकलं पाहिजे. प्लग भोकात शिरला की सील झालीच पाहिजे, पिळायचा जोर कमी असो की जास्त. म्हणून:

प्लगच्या फुगवट्याचा व्यास २२.१५ ते २२.२५ घ्या, म्हणजे ओढ ०.४ ते ०.५ मिमी. फुगवट्याचा सर्वांत जाड भाग नेकच्या तोंडापासून १.५ ते २ मिमी खाली असू द्या. फार वर असेल तर तो नेकच्या आतल्या गोलाईवर बसतो, तिथे ओढच मिळत नाही. प्लगची भिंत ०.८ ते १ मिमी ठेवा. जाड करायचा मोह टाळा. जाड प्लग आत वाकत नाही, भोक थोडं अंडाकृती असेल तर त्याच्यामागे जात नाही, आणि झाकण लावायला जड जातं. वरची कड मदतीला राहू द्या, पण तिची उंची कमी करा.

टॉर्क वाढवू नका. कड आणखी चिरडेल, उघडायला त्रास होईल, आणि दुसऱ्या वेळचा प्रश्न तसाच राहील.

शॉप फ्लोअर

वरच्याशी सहमत, पण ३ आणि ६ वेगळ्या का वागतात हे सोडून सगळ्या कॅव्हिटींचा व्यास वाढवलात तर बाकीच्या सहा ठीक होतील आणि या दोन तशाच मागे राहतील.

एचडीपीई दीड ते अडीच टक्के आकसतं. २२ मिमीवर अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजे ०.११ मिमी, तुमच्या आताच्या ओढीचा निम्मा! जी कॅव्हिटी सावकाश थंड होते ती जास्त आकसते आणि प्लग लहान निघतो. त्यामुळे मधल्या कोरचं (प्लगची आतली बाजू घडवणाऱ्या पोलादी दांड्याचं) थंड करणारं पाणी बघा. आठही कोरच्या परतीच्या पाण्याला नळी लावून मिनिटाला किती लिटर येतं ते बादलीत मोजा. बोअरचं पाणी असेल तर कोरच्या बारीक बबलरमध्ये (आत पाणी नेणाऱ्या नळीत) क्षार धरतो, बाहेरून काहीच कळत नाही. ३ आणि ६ चा प्रवाह कमी निघाला तर आधी डीस्केलिंग (क्षार काढणं), मग मापं, मग पोलाद.

दुसरं, झाकण साच्यातून सुटतं कसं? प्लगचा फुगवटा बाहेरच्या अंगाला आहे, म्हणजे अंडरकट, साच्यात अडकणारा भाग. मधला कोर आधी मागे सरकला तर प्लगला आत वाकायला जागा मिळते आणि फुगवटा स्लीव्हमधून (प्लगची बाहेरची बाजू घडवणाऱ्या पोलादी नळीतून) सुटून येतो. मधला कोर जागेवरच असताना झाकण बाहेर काढणाऱ्या स्ट्रिपर प्लेटने ढकललं तर फुगवटा पोलादावर खरवडत बाहेर येतो. ओळखायची खूण: झाकण उलटं धरा, टेबल लॅम्प तिरका ठेवा, दहापट भिंगातून प्लगच्या फुगवट्याची बाहेरची बाजू फिरवत बघा. निरोगी प्लगवर प्रकाशाची एक अखंड गोल रेघ दिसते. खरवडलेल्यावर ती रेघ उभ्या बारीक ओरखड्यांनी जागोजाग तुटते, आणि कडेला केसासारखा धागा लोंबत असतो. त्या प्रत्येक ओरखड्यातून गॅसला वाट आहे.

आणि व्हर्निअर बाजूला ठेवा. त्याचे जबडे मऊ प्लग दाबतात. प्रोफाइल प्रोजेक्टर (न दाबता, सावली मोठी करून मोजणारं यंत्र) वापरा, नाहीतर ०.०५ मिमीच्या अंतराने रिंग गेज (ठरावीक भोकाच्या मापकड्या) करून घ्या.

साचेघर

धन्यवाद! भिंगाखाली ३ आणि ६ वर उभे ओरखडे स्पष्ट आहेत, बाकीच्यांवर तुरळक. साच्यात मधला कोर आधी सरकतो, पण स्ट्रोक (मागे सरकायचं अंतर) फक्त २ मिमी आहे. पाण्याचा प्रवाह उद्या मोजतो. कॅव्हिटी १ आणि ८ मध्ये एकही ओरखडा नाही, तरी त्यांचीच एकेक बाटली मऊ पडली होती. त्याचं काय?

फुगवटा

२ मिमी पुरणार नाही. फुगवटा स्लीव्हमधून पूर्ण सुटेपर्यंत प्लगच्या आत मोकळी जागा राहिली पाहिजे. प्लग ३ मिमी लांब असेल तर कोर किमान ४ मिमी मागे जाऊ द्या.

१ आणि ८ साठी टॅम्पर बँडवर संशय घ्या. उघडल्यावर बँड नेकवर राहतो आणि तुटलेल्या ब्रिजचे खुंट दोन्हीकडे उरतात. १८८१ चा नेक आखूड, १७ मिमीचा. जुना १८१० २१ मिमीचा होता. त्यामुळे खाली जागा कमी. बँड नेकखालच्या सपोर्ट रिंगवर सैल पडला नाही तर खालचे आणि वरचे खुंट एकमेकांवर टेकतात. हाताला वाटतं झाकण बसलं, प्रत्यक्षात ते अर्धा मिमी वर थांबलेलं असतं.

तपासायला सोपं आहे. सहा बाटल्या उघडा, तिघींचा बँड कटरने कापून काढा, तिघींचा राहू द्या. सगळ्या सारख्याच हाताने लावा आणि सपोर्ट रिंगपासून झाकणाच्या माथ्यापर्यंतची उंची मोजा. बँड असलेल्या उंच निघाल्या तर चोर सापडला. मग ब्रिज बारीक करा, खुंट झाकणाच्या बाजूला कमी उरतील असं बघा, आणि बँडचा आतला व्यास वाढवा.

प्लग कुठे टेकतोय हे बघायला नेकच्या आत ब्ल्यूचा (टेकल्याची खूण उमटवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ हात द्या, झाकण हाताने लावून काढा. प्लगवर निळी कडी पूर्ण गोल यायला हवी. ती तुटली तर तुटलेल्या जागेची खूण झाकणावर आणि नेकवरही करा. दुसऱ्या नेकवरही झाकणाच्या त्याच जागी तुटली तर दोष झाकणात, नेकच्या खुणेशी जुळली तर प्रीफॉर्मच्या (ज्यातून बाटली फुगवतात त्या नळीच्या) नेकमध्ये. ब्ल्यू लावलेले नमुने चाचणीनंतर फोडून टाका, ते चुकून लाइनवर जाऊ नयेत.

आटेदार

जिरा आहे हे विसरू नका. भरताना फेस वर येतो, त्याबरोबर जिऱ्याची भुकटी नेकच्या ओठावर चिकटते. साखर वाळली की ती सिमेंटसारखी धरते. अर्क गाळून घ्या आणि कॅपिंगनंतर नेकवर पाण्याचा फवारा ठेवा. आट्यात वाळलेला पाक हाताचा निम्मा जोर खातो.

तोच जोर स्लिप एजंटही (झाकण सहज फिरावं म्हणून प्लास्टिकात घातलेलं द्रव्य) ठरवतो. एरुकामाइड साधारण ०.१ ते ०.३ टक्के लागतं, आणि ते पृष्ठभागावर यायला दोन-तीन दिवस घेतं. आज काढलेलं झाकण आजच लावून घेतलेलं टॉर्कचं रीडिंग ग्राह्य धरू नका.

कडेलोट

सगळं पटलं, तरी एक गोष्ट ठळकपणे सांगतो कारण इथे डोळा जाऊ शकतो. सील सुधारताना आट्यातल्या उभ्या खाचा बुजवू नका, अरुंदही करू नका.

३.६ व्हॉल्यूमची भरलेली बाटली ४० अंशांच्या गाडीत राहिली तर आत सुमारे ६ बार होतो. २१.७४ मिमी व्यासाच्या भोकाचं क्षेत्रफळ ३७१ चौ. मिमी, म्हणजे झाकणावर २२० न्यूटन, जवळपास २२ किलोचा रेटा. हा गॅस आटे सुटायच्या आत खाचांतून निघून गेला पाहिजे, नाहीतर झाकण गोळीसारखं उडतं.

क्रम असा हवा: आधी ब्रिज तुटावेत, मग सील सुटावी, मग गॅस जावा आणि शेवटी आटे सुटावेत. १८८१ च्या आट्याचा पिच (एका फेऱ्यात झाकण वर येतं ते अंतर) २.७ मिमी. प्लगची पकड १.२ मिमी वर उचलल्यावर सुटत असेल तर ते १६० अंशांवर होईल. ब्रिज १२० अंशांच्या आत तुटले पाहिजेत. आणि इथेच मेख आहे: प्लग लांब केलात की सील उशिरा सुटते, गॅसला बाहेर पडायला उरलेले आटे कमी मिळतात. म्हणून व्यास वाढवा, लांबी नको. नवीन नमुने गरम करून उघडताना चेहऱ्यावर ढाल आणि हातात लांब पकड ठेवा.

राईनकाठ

जर्मनीतून लिहितोय. हे पेय युरोपला पाठवायचा विचार असेल तर साचा आत्ताच त्या दृष्टीने बघा. ३ जुलै २०२४ पासून युरोपीय संघात ३ लिटरपर्यंतच्या पेयांच्या बाटलीचं झाकण उघडल्यावरही बाटलीला जोडलेलं राहावं लागतं. बँड आणि झाकण यांच्यातली पट्टी पुन्हा लावताना झाकणाला एका बाजूला ओढते, प्लग तिरका शिरतो आणि त्या अंगाचा फुगवटा घासतो. प्लगच्या टोकाला उतार जास्त द्यावा लागतो.

साचेघर

सगळ्यांचे आभार. बँडची चाचणी झाली: १ आणि ८ ची झाकणं बँड असताना ०.४ मिमी वर राहतात, कापल्यावर खाली बसतात. ६ च्या कोरमधून पाणी जवळपास येतच नाहीये, ३ मध्ये निम्मं.

आता क्रम असा ठरवलाय: आठही कोरचं डीस्केलिंग, मग मधल्या कोरचा स्ट्रोक ४.५ मिमी, मग ब्रिज. प्लगचा व्यास सगळ्यात शेवटी, आधी फक्त कॅव्हिटी ३ मध्ये २२.२० करून बघतो.

शॉप फ्लोअर

क्रम बरोबर आहे. २२.२० हे झाकणाचं माप, पोलादाचं नव्हे. डीस्केलिंगनंतर आकसणं बदलेल, तेव्हा नव्या पाण्यावर निघालेली झाकणं ४८ तास ठेवून मोजा आणि त्यावरून कटचा आकडा काढा. फुगवटा स्लीव्हमध्येच कोरलेला आहे, त्यामुळे व्यास वाढवायला पोलाद काढावं लागेल. एकदम ०.२ नको, ०.१ वर थांबून नमुने घ्या.