बोलून मोकळं व्हा, पण कधी?

'एकदा सगळं भडाभडा बोलून टाकलं की माणूस सुटतो', हे मत मला अर्धंच पटतं. अपघातासारख्या धक्कादायक घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेण्याला डीब्रीफिंग म्हणतात. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत ते करू नका असं स्पष्ट लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिकाही सांगते, माणसाला बोलायची जबरदस्ती नको.

घाटातल्या अपघातानंतर कुठे करकचून ब्रेक लागला की माझे हात गार पडायचे. पहिल्या समुपदेशकाने बसल्या बसल्याच 'नेमकं काय झालं?' विचारलं, त्या रात्री डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या बाईंनी तीन आठवडे अपघाताचं नावही काढलं नाही. कुठे बसायचं ते मीच ठरवायचं (मी कायम दाराकडे तोंड करून). घाबरायला झालं की पाय जमिनीला टेकवायचे, खोलीतल्या पाच निळ्या वस्तू मोजायच्या. पोरखेळच वाटला होता, खोटं कशाला सांगू. चौथ्या आठवड्यात मीच विषय काढला. थांबावंसं वाटलं तर हात वर करा, म्हणाल्या. दोनदा केला, आणि दोन्ही वेळा त्या खरंच थांबल्या.