मदत हवी आहे: पोर्ट आणि शेरीबरोबर गोड काय ठेवू? (तातडीचं)

मंजू_कोथरूड
परवा घरी बारा जण येताहेत. भावाने बाहेरून आणलेल्या पोर्ट आणि शेरी उघडायच्या आहेत. सगळे जेवून येणार, त्यामुळे फक्त वाइन आणि गोड. गुलाबजाम, श्रीखंड आणि चॉकलेट केक ठरवलंय. कशाबरोबर काय ते पटकन सांगा, आज ऑर्डर द्यायची आहे. गूगल करून झालंय, तिथे नुसतं स्टिल्टन चीज.

आडनाव_नको
कोणती पोर्ट? रुबी, टॉनी, की एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणजे एकाच वर्षाची, उशिरा बाटलीत भरलेली)? बाटल्या किती?

मंजू_कोथरूड
पोर्ट म्हणजे पोर्ट हो. लाल. ऑफिसात आहे, घरी गेल्यावर बघते. तोवर गोडाचं सांगा ना!

बाणेरकर
पोर्टमध्ये भरपूर बर्फ टाका, बरोबर खारे काजू. आम्ही दर गोवा ट्रिपला चार बाटल्या आणतो. गोडबिड काही लागत नाही.

आडनाव_नको
गोव्याची ती पोर्ट नव्हे हो. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली. रस अर्धवट आंबलेला असतानाच त्यात 77 टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, साखर शिल्लक राहते. म्हणून ती गोडही असते आणि 20 टक्क्यांच्या आसपास कडकही.

बाणेरकर
आमच्या जिभेला पोर्तुगालचं सर्टिफिकेट लागत नाही.

साखरेचे_काका
एका संध्याकाळी तीन गोडं आणि वर गोड दारू? मी रोज सकाळी भिजवलेल्या मेथ्या खातो. विचार करा.

मंजू_कोथरूड
काका, कोणाच्या शुगरचं विचारलंच नव्हतं. घरी आले. एकीवर '10 इयर्स टॉनी', दुसरीवर 'एलबीव्ही', दोन्ही 750च्या. शेरी छोटी, 375ची, 'फिनो' लिहिलंय. शेरी गोडच असते ना? ती गुलाबजामबरोबर ठेवणार होते.

कस्टम_क्लिअर
तीन बाटल्या एकट्या भावाने आणल्या? विमानतळावर सोडलं कसं?

आडनाव_नको
1875 मिली होतात. मर्यादा 2 लिटरची आहे. पुढे चला.

निवांत_सदाशिव
मंजूताई, थांबा! फिनो ठणठणीत कोरडी असते. गुलाबजामनंतर घेतलीत तर लिंबाचं पाणी प्यायल्यासारखं वाटेल. ती चांगली गार करून सगळ्यात आधी द्या, बाकरवडी किंवा खाऱ्या बदामांबरोबर. बारा जणांना तीस-तीस मिली येईल, तेवढी पुरे. गोडाची शेरी वेगळी, पेद्रो हिमेनेझ. काकवीसारखी दाट असते, व्हॅनिला आइस्क्रीमवर ओतून खातात.

आता गोड. वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट-तुरट लागते. गुलाबजामच्या पाकापुढे टॉनी टिकणार नाही, ते रद्द करा. श्रीखंडही नको. मी एकदा एलबीव्हीबरोबर खाल्लं होतं, चक्क्याच्या आंबटपणाने तोंडात तांब्याचं नाणं ठेवल्यासारखं झालं. चॉकलेट केक मात्र एलबीव्हीबरोबर छान, फक्त कडसर चॉकलेटचा घ्या, वर क्रीमची फुलं नकोत.

आणि टॉनीबरोबर पुरणपोळी. हसू नका. टॉनी वर्षानुवर्षं लाकडी पिंपात राहते, तिला सुकामेवा आणि कॅरमलचा वास येतो. पुरणातलं जायफळ, आणि कडेने फुटून तव्यावर करपलेला गुळाचा तो काळा ठिपका! तो तुकडा खाऊन घोट घ्या. पोळी पातळ आणि बेताच्या गोडाची हवी, एकेकाला चतकोर बास.

तूपच_हवं
पुरणपोळीवर दारू? पोळीला तूप आणि दूध. काही गोष्टींना हात लावू नये.

निवांत_सदाशिव
तूप मीही लावतो. दूध मात्र त्या दिवशी वगळतो.

बाणेरकर
एवढं करण्यापेक्षा मटण करा आणि रेड वाइन आणा.

आडनाव_नको
जेवून येताहेत ते लोक! मंजूताई, 'रूम टेंपरेचर' वाचून बाटल्या ओट्यावर ठेवू नका. ती खोली युरोपातली, आपल्याकडे ऑक्टोबर हीट आहे. टॉनी आणि एलबीव्ही दोन्ही तासभर फ्रिजमध्ये. लेबलवर 'अनफिल्टर्ड' असेल तर एलबीव्ही आदल्या दिवशीपासून उभी ठेवा, तळाशी गाळ बसतो. साठ मिलीचे बारा पेग म्हणजे 720, बाटली बरोब्बर संपते.

कस्टम_क्लिअर
परवा म्हणजे 2 ऑक्टोबर ना? ड्राय डे आहे!

आडनाव_नको
दुकानं बंद असतात, त्यांच्या बाटल्या घरातच आहेत. दारू पिण्याचे परवाने मात्र काढून ठेवा.

मंजू_कोथरूड
परवाने नवरा बघतोय. गुलाबजाम, श्रीखंड रद्द. सहा पुरणपोळ्या सांगितल्या, चतकोराने निम्म्या उरतील म्हणे, उरू देत. केक कॅम्पातून आणते. बाकरवडी अर्धा किलो पुरेल का?

साखरेचे_काका
एक किलो आणा. मी कोथरूडातच राहतो.