मदत हवी आहे: डूलाचं प्रशिक्षण, ब्लॅक कुटुंबांसोबत काम करण्यासाठी

मेघना_ई
घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. इथे अमेरिकेत डूला (बाळंतपणात आईला सोबत करणारी) व्हायचंय आणि ब्लॅक कुटुंबांसोबतच काम करायचंय. समोर दोन पर्याय आहेत. एक शनिवार-रविवारचा सोळा तासांचा ऑनलाइन वर्ग. संस्था मोठी आहे आणि लगेच प्रवेश मिळतो. दुसरा कम्युनिटी डूलाचा, म्हणजे वस्तीतच काम करणाऱ्यांचा. काही महिने चालतो, प्रत्यक्ष जावं लागतं, वर मुलाखत. पहिल्याची सवलत उद्या रात्री संपतेय. नंतर मेडिकेडचे (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) पैसे मिळायला हवेत, फुकट काम परवडणार नाही. कोणी केलंय का? लवकर सांगा प्लीज.

उनाडपक्षी
राज्य कोणतं? मेडिकेडचे नियम दर राज्यात वेगळे, हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार! आणि व्हिसा? एच-४ वर (नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल आणि ईएडी (काम करायचा परवाना) नसेल तर एक डॉलरही घेता येणार नाही. आधी ते बघा, कोर्सचं नंतर.

नाना_एडिसन
ताई, रागावू नका, पण त्यापेक्षा नर्सिंग करा. माझ्या सुनेने केलं, आज दोन गाड्या दारात आहेत. डूला म्हणजे आपली सुईणच ना? आमच्या गावच्या सुईणीला बाळंतपणामागे एक लुगडं आणि पायलीभर जोंधळे मिळायचे, कुठलं सर्टिफिकेट अन् कुठलं काय.

डॉ_लेबररूम
नानासाहेब, सुईण बाळंतपण करते. डूलाने तपासायचं नसतं, बाळाचे ठोके ऐकायचे नसतात, औषध द्यायचं नसतं. सोबत करायची, धीर द्यायचा, कंबर दाबून द्यायची, बस. हे काम आपल्याकडे आई नाहीतर मावशी करते. दोन दिवसांचा वर्ग करून आलेली बाई सिझेरियनवर मत देऊ लागली की माझं डोकं फिरतं. (पुण्यात हे फॅड आलंय, म्हणून बोलतोय.)

ऋजुता_बे_एरिया
डॉक्टरसाहेब, मत देणारी डूला वाईट हे मान्य. पण "बस" म्हणून उडवू नका. २०१७ चा कॉक्रेन आढावा (जगभरचे अभ्यास एकत्र तपासतात तो) काढून बघा: २६ अभ्यास, १५ हजारांवर बायका. कळांच्या वेळी कोणी सतत सोबत असेल तर सिझेरियनचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याने कमी. असं औषध निघालं असतं तर तुम्हीच आधी लिहून दिलं असतं.
मेघना, मी सोळा तासांवालाच केला आणि माझं छान चाललंय. कॅलिफोर्नियात मेडिकेड २०२३ पासून डूलाचे पैसे देतं. भर पैसे, विचार करत बसू नकोस.

उनाडपक्षी
ती कॅलिफोर्नियात आहे हे कुठे लिहिलंय?

काडीपेटी
मला वेगळंच खटकतंय. ब्लॅक बायकांना ब्लॅक डूला हव्या आहेत, त्या चळवळीचा सगळा मुद्दाच तो आहे. आपण देशी लोक त्यांच्या वस्तीतून गाडीच्या काचा वर करून जातो आणि आता उद्धार करायला निघालो? हौस असेल तर एडिसनमधल्या देशी बाळंतिणींना डिंकाचे लाडू करून द्या.

स्वच्छंदी
वेदनेला रंग नसतो. सेवा ही सेवा असते. शुभेच्छा ताई!

जाई_जर्सी
वेदनेला नसेल, वेदना ऐकणाऱ्याच्या कानाला असतो. सीडीसीचे (सरकारी रोगनियंत्रण संस्थेचे) २०२३ चे आकडे: दर लाख जन्मांमागे ५०.३ ब्लॅक माता दगावल्या, गोऱ्या १४.५. गरिबी, शिक्षण म्हणून हात झटकू नका. शॅलन अर्व्हिंग स्वतः सीडीसीत साथरोगतज्ज्ञ होती, दोन विषयांत डॉक्टरेट. २०१७ मध्ये बाळंतपणानंतर तीन आठवड्यांत गेली. सेरेना विल्यम्सलासुद्धा फुप्फुसात गुठळी आहे हे नर्सच्या गळी उतरवावं लागलं.
मेघना, उनाडपक्षींनी विचारलंय त्याचं उत्तर द्या, मग नीट सांगते.

मेघना_ई
अरे देवा, केवढं झालं. न्यू जर्सी, ईस्ट ऑरेंज. ग्रीन कार्ड आहे. आणि काडीपेटी, माझा नवरा ब्लॅक आहे, सासर ब्लॅक आहे, पोरगी दोन्हीकडची आहे. माझ्या वस्तीतून काचा वर करून तुम्ही जाता, मी तिथे राहते. नणंदेच्या बाळंतपणात खोलीत मीच होते. चौथ्या दिवशी तिचं डोकं फुटायची वेळ आली, डोळ्यांपुढे ठिपके, आणि इमर्जन्सीत म्हणाले झोप झाली नसेल. दुसऱ्या हॉस्पिटलात नेल्यावर कळलं की बीपी १७० च्या वर. हे सगळं धाग्यात का लिहायचं होतं ते मला अजून कळलेलं नाही. कोर्स कोणता, एवढंच विचारलं होतं.

काडीपेटी
शब्द मागे. पण मग मुलाखतीला घाबरता कशाला? तुम्हाला तर हातात हात घालून नेतील.

जाई_जर्सी
आता नीट. मी न्यूअर्क परिसरात हेच काम करते.
सोळा तासांचा वर्ग वाईट नाही, पण तुम्हाला हवंय ते त्याने मिळेलच असं नाही. न्यू जर्सीत मेडिकेड जानेवारी २०२१ पासून डूलाचे पैसे देतं, मात्र प्रशिक्षण राज्याने मान्य केलेलं लागतं. मोठं नाव म्हणजे मान्यता नव्हे, राज्याच्या यादीत नाव आहे का ते बघा. शिवाय मोठ्यांचं आणि तान्ह्यांचं सीपीआर (हृदय थांबलं तर छाती दाबणं), रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा वर्ग, दायित्व विमा, बोटांचे ठसे. नोंदणीत बायका अडकतात त्या इथे, प्रशिक्षणात नाही. 'डूला लर्निंग कोलॅबोरेटिव्ह' म्हणून राज्याचीच मदतयंत्रणा आहे, आज त्यांना फोन करा.
कम्युनिटीवाल्यात शिकवतात ते कळांपुरतं नसतं. गरोदरपणात घरी जाणं, नंतर घरी जाणं, अंगावर पाजणं, भाडं थकलंय का हेही बघणं. बाळाची कावीळ सावळ्या कातडीवर पटकन दिसत नाही, म्हणून हिरड्या आणि डोळ्यांचे पांढरे बघायचे. ढुंगणावरचे निळसर डाग, जे आपल्या पोरांनाही असतात, ते जन्मतः होते हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायचं. नाहीतर उद्या कोणी मारहाणीचे वळ समजेल. आणि तुमच्या नणंदेचं झालं ते: इमर्जन्सीच्या दारातच पहिलं वाक्य "मी चार दिवसांपूर्वी बाळंत झालेय". डोकेदुखी नंतर. हे आईकडून आधी पाठ करून घेतो आम्ही.

डॉ_लेबररूम
हे शेवटचं सोळा आणे. बाळंतपणानंतरचं डोकं दुखणं म्हणजे बीपी बघितल्याशिवाय घरी पाठवायचं नाही. डूलाने बीपी घेऊ नये या मताचा मी अजूनही आहे.

जाई_जर्सी
घेत नाहीच. यंत्र आईचं, पट्टा तीच बांधते, आकडा तीच वाचते. मी म्हणते, "फोन लाव."

वऱ्हाडी_माणूस
अवांतर: सिकलसेलबद्दल (रक्ताचा आनुवंशिक आजार) पण शिकवतात का ह्या कोर्समध्ये? तिकडे ब्लॅक बाळांत १३ मध्ये एक त्याचं वाहक असतं म्हणतात. आमच्या गडचिरोली-नंदुरबारकडेही हा आजार आहे, म्हणून विचारलं.

जाई_जर्सी
ओळखीपुरतं. तपासणी जन्मल्यावर टाचेच्या रक्तावर होते. वेगळा धागा काढा, लिहीन.

ऋजुता_बे_एरिया
तरी मी म्हणेन दोन्ही कर. सोळा तास काही फुकट जात नाहीत.

उनाडपक्षी
पैसे जातात.

मेघना_ई
यादी बघितली. ऑनलाइनवाल्याचं नाव नाही सापडलं, सवलत गेली खड्ड्यात. कम्युनिटीवाल्याचा फॉर्म भरतेय. दोन प्रश्न राहिले: रात्री दोनला फोन आला तर पोरीला सासूबाई बघतील, पण एकीच्या कळा चालू असताना दुसरीचा फोन आला तर? आणि पहिल्या बायका मिळणार कुठून, वेबसाइट करावी का?

जाई_जर्सी
वेबसाइट राहू द्या. सासूबाईंचं चर्च, वेण्या घालायचं सलून, डब्ल्यूआयसीचं ऑफिस (गरीब आया-बाळांना सरकारी पोषण मिळतं ते). सलूनमध्ये बायका सहा-सहा तास बसतात, तिथे ओळख झाली की झालं. दोन फोनसाठी बॅकअप डूला आधीच ठरवून ठेवायची आणि सातव्या महिन्यातच आईशी तिची गाठ घालून द्यायची. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, आमच्यातली एक ईस्ट ऑरेंजलाच आहे.

नाना_एडिसन
व्यनि कुठे दिसतो? आणि डब्ल्यूआयसी ही अक्षरं कशाची? सुनेला विचारलं तर हसते.