एकाच रिडिमवर अनेक गाणी: डान्सहॉलमध्ये कलाकाराची पारख कशी होते?

प्रश्न:
यलोमॅनपासून शॉन पॉलपर्यंतची डान्सहॉल गाणी, म्हणजे जमैकातल्या नाचाच्या मैफलींतले संगीत, सध्या ऐकत आहे. एकच वाद्यसाथ वेगवेगळ्या कलाकारांच्या गाण्यांत जशीच्या तशी आढळते. ही उचलेगिरी समजावी का? आणि साथ सर्वांची एकच असेल, तर श्रोता कलाकाराची पारख कशावरून करतो?

प्रतिसाद १:
उचलेगिरी मुळीच नाही, ती तिथली रूढ पद्धत आहे. निर्माता आधी रिडिम, म्हणजे बास आणि तालाचा पाया, तयार करतो आणि त्यावर अनेकांकडून गाणी ध्वनिमुद्रित करून घेतो. १९८५ मध्ये कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमधील तयार तालावर गायक वेन स्मिथ यांचे ‘स्लेंग टेंग’ निर्माते किंग जॅमी यांनी जमैकाची राजधानी किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागात मुद्रित केले आणि त्याच रिडिमवर पुढे असंख्य गाणी निघाली. वादक जमवण्याचा खर्च टळल्याने लहान निर्मात्यांचेही फावले. शिवाय साथ समान असली की शब्दांतला आणि ठेका पकडण्याच्या ढबीतला फरक लपत नाही.

प्रतिसाद २:
खरी परीक्षा साउंड सिस्टिमपुढे होते. १९५० च्या दशकापासून किंग्स्टनमध्ये मोठमोठे स्पीकर मांडून नाच भरवले जातात; तबकड्या निवडतो तो सिलेक्टर आणि माइक हाती घेऊन त्यांवर शब्द गुंफतो तो डीजे. गाणे आवडले तर गर्दी ओरडून ते पुन्हा पहिल्यापासून लावायला भाग पाडते. रेडिओवर कलाकाराला इतका रोखठोक निकाल कुठला मिळायला? यलोमॅन अनाथालयात वाढले आणि जन्मजात वर्णहीनतेमुळे हिणवले गेले, पण त्यांनी माइकवर स्वतःच्याच रंगाविषयी फुशारकी मारून १९८० च्या दशकाच्या आरंभी हीच गर्दी जिंकली.

प्रतिसाद ३:
मात्र या व्यासपीठाला कायद्याने वेळ बांधून दिलेली आहे. जमैकाच्या १९९७ च्या ध्वनिनियंत्रण कायद्यानुसार आठवड्यातील कामाच्या दिवशी मध्यरात्री आणि सप्ताहअखेरीस रात्री दोनला संगीत थांबवावे लागते, तर रस्त्यावरचा नाच रंगतोच मुळी मध्यरात्रीनंतर. शेजाऱ्यांच्या झोपेचा हक्क मला मान्य आहे. परंतु नामवंतांना परदेशातील मंच खुले असतात, त्यामुळे झळ बसते ती नवख्या डीजेला आणि रस्त्याकडेला खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. स्लेंग टेंगवरची आणखी कोणती गाणी ऐकावीत?

प्रतिसाद १:
टेनर सॉ आणि जॉनी ऑस्बोर्न यांची, तीही वेन स्मिथ यांच्या गाण्याला लागूनच ऐका.