शब्दचर्चा : स्लोव्हेनियन फौजेतला ‘कॅप्टन’ नक्की कोणता?

प्रश्न : इंग्रजी लष्करी शब्दांची स्लोव्हेनियन यादी तपासायचं काम गळ्यात पडलंय. भाषा वाचण्यापुरती येते, फौजेशी ओळख शून्य. ‘कॅप्टन’समोर तीन शब्द दिलेत : स्तोत्निक, कापितान, कापेतान. तिन्ही बरोबर म्हणे. मग वापरू कुठला?

— बरोबर तिन्ही, पण माणसं तीन. भूदलातला कॅप्टन तो स्तोत्निक. ‘स्तो’ म्हणजे शंभर. कापितान जहाजावरचा किंवा विमानातला. कापेतान फुटबॉल संघाचा. नौदलाची भानगड आणखी निराळी. तिथला कॅप्टन भूदलातल्या कर्नलच्या तोडीचा असतो, आपल्याकडेही तसंच आहे. त्याला ‘कापितान बोय्ने लाद्ये’ म्हणतात, म्हणजे लढाऊ जहाजाचा कप्तान. खालचा कमांडर तो फ्रिगेटचा कप्तान, लेफ्टनंट कमांडर कॉर्व्हेटचा (दोन्ही युद्धनौकांचे प्रकार). देशाचा किनारा 50 किलोमीटरसुद्धा नाही, पण हुद्दे ऐकावेत तर आरमार केवढं थोरलं! तेव्हा आधी दल बघा, शब्द नंतर.

— शंभराचं निघालंच आहे तर, ‘देसेत्निक’मध्ये ‘देसेत’ म्हणजे दहा. कॉर्पोरलच्या आसपासचा हुद्दा. आपल्याला हे परकं वाटू नये. शिवकालात पायदळात नऊ पाइकांवर एक नाईक, तो धरून दहा. वर चढत गेलं की हजारी. आणि भारतीय सैन्यातला नाईक आजही कॉर्पोरलच्याच जागी आहे.

— मराठी बायबल वाचलेल्यांना स्तोत्निक लगेच कळेल. क्रुसापाशी उभा असलेला शताधिपती स्लोव्हेनियन बायबलात स्तोत्निकच आहे. म्हणजे रोमन संदर्भात ‘सेंच्युरियन’लाही हाच शब्द.

— एवढा खटाटोप कशाला? तिकडे सर्बियात सैन्यातला कॅप्टन कापेतानच आहे. तोच ठेवा.

— नेमकं तिथेच दुखतं. स्लोव्हेनिया तेव्हा युगोस्लाव्हियात होता, आणि युगोस्लाव्ह लष्कराच्या हुकमांची भाषा सर्बो-क्रोएशियन होती. 1988 मध्ये लष्करी गुपितांच्या प्रकरणात यानेझ यान्शासह (पुढे हेच पंतप्रधान झाले) चौघांवर खटला चालला. न्यायालय ल्युब्लियानात, म्हणजे स्लोव्हेनियाच्याच राजधानीत, आणि कामकाज सर्बो-क्रोएशियनमध्ये! लोक रस्त्यावर उतरले त्यात हा रागही होता. पुढे 1991 च्या जूनअखेरीस दहा दिवसांची लढाई झाली आणि देश सुटा झाला. हे ज्यांनी पाहिलं त्यांच्या कानाला लष्करी कापेतान म्हणजे जुन्या फौजेतला साहेब. ‘आर्मी’चंही तेच. ‘आर्मादा’ युगोस्लाव्ह फौजेच्या नावात होता. स्वतःच्या सैन्याला ते ‘वोय्स्का’ म्हणतात. त्यात नौदल आणि हवाई दलही आलं, त्यामुळे दर वेळी ‘आर्मी’ला डोळे झाकून वोय्स्का लावू नका.

प्रश्नकर्ती : बापरे. यादीत ‘कंपनी’ला पोद्येत्ये आणि तोफेच्या ‘शेल’ला श्कोल्का असंही आहे.

— यादी यंत्राने केलेली दिसते. पोद्येत्ये म्हणजे धंद्यातली कंपनी. फौजेतली, म्हणजे सैनिकांची तुकडी, ती चेता. श्कोल्का म्हणजे शिंपला! ‘सार्जंट’ही बघून घ्या. त्याला वोद्निक म्हणतात आणि पर्यटकांच्या गाइडलाही वोद्निकच. पण असल्या चुका पहिल्या वाचनात हाती लागतात. खरा घात करतो तो ‘ग्रानाता’. दिसतो ग्रेनेडसारखा, पण युद्धाच्या बातमीत नुसता ग्रानाता आला तर तो बहुधा तोफेचा किंवा उखळी तोफेचा गोळा. ‘घरावर ग्रानाता पडला’ याचं ‘ग्रेनेड’ केलंत तर वाचकाला वाटणार, कुणीतरी अंगणातून फेकला. गोळा आलेला असतो काही किलोमीटरवरून. दोषी कोण, हेच बदलून जातं. हाताने फेकायचा तो ‘रोच्ना बोंबा’, चक्क आपला हातबॉम्ब. (‘रोच्ना ग्रानाता’ही चालतं, पण ‘रोच्ना’ गाळायचं नाही.) आणि तोफेला काय म्हणतात माहितीय? तोप. तुर्कीतून गेलेला, आपली तोफही मुळात तिथलीच.

— ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ एकाच वाक्यात आले की काय करता? दोन्हींना ‘वार्नोस्त’.

— एकाच वाक्यात आले की फोड करून लिहायचं : अपघातापासून, हल्ल्यापासून. बंदुकीचा ‘सेफ्टी कॅच’ मात्र वारोवाल्का. घरातल्या विजेच्या फ्यूजलाही तोच शब्द, तेव्हा चित्र पाहून खात्री करा.

प्रश्नकर्ती : शेवटचं. अधिकारी बाई असेल तर?

— हुद्दाही स्त्रीलिंगी होतो. अलेंका एर्मेन्त्स 2018 मध्ये लष्करप्रमुख झाल्या, नाटो देशांत त्या पदावर पोचलेल्या पहिल्याच बाई. त्यांना ‘गेनेरालमायोरका’ (मेजर जनरल) लिहितात. स्तोत्निकची स्तोत्नित्सा, पोल्कोव्निकची (कर्नलची) पोल्कोव्नित्सा. इंग्रजी हुद्द्यावरून बाई की पुरुष कळत नाही, म्हणून यादीत स्त्रीरूपाचा रकाना नसेल तर आजच घाला.